सेनापतीचा खेळ आणि रोलर ओढणारे हात

एखाद्या खेळाचा जनक कोण, असा प्रश्न निघाला की उत्तर देणाराचे बोट बहुधा एखाद्या सेनापतीकडे वळते. खेळणारी पोरे शेकडो असतात, मैदान राखणारी माणसेही थोडीथोडकी नसतात. पण चौथऱ्यावर पुतळा बसवावयाचा झाला तर तो तलवारवाल्याचा. असे का होते आणि ते कितपत खरे असते, हे पाहण्यासाठी आज आम्ही जरा लांबून, म्हणजे अमेरिकेतून, निघणार आहोत. वाटेत आपले जुन्नर-आंबेगाव लागेल. मुक्काम मात्र पुण्याच्या लष्कर भागात करावयाचा आहे, कारण या प्रश्नाचे आपल्या मातीतले उत्तर तेथे आहे.

बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ. हातात गोल दांडका, समोरून फेकलेला चेंडू, आणि चेंडू टोलावून चार ठाण्यांना फेरी मारून परत यावयाचे, एवढे समजले म्हणजे पुढच्या गोष्टीला पुरे. हा खेळ निघाला कोठून, याविषयी तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा वाद झाला. हेन्री चॅडविक नावाचे खेळाचे जुने बातमीदार म्हणत, हा इंग्लंडातल्या पोरांच्या 'राउंडर्स' या खेळाचा वंशज आहे. आल्बर्ट स्पाल्डिंग यांना हे रुचेना. ते एके काळचे नामांकित खेळाडू आणि पुढे खेळाचे सामान विकणारे बडे कारखानदार. अमेरिकेचा खेळ अमेरिकेतच जन्मलेला असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या खटपटीने १९०५ साली एक समिती बसली. अध्यक्ष झाले अब्राहम मिल्स. हे गृहस्थ अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले.

समितीकडे अबनर ग्रेव्हज नावाच्या एका म्हाताऱ्या खाण-अभियंत्याचे पत्र आले. १८३९ साली न्यूयॉर्क संस्थानातील कूपर्सटाउन गावी अबनर डबलडे याने मैदान आखून हा खेळ काढला, असे त्यात होते. डबलडे म्हणजे यादवी युद्धातले जनरल. एप्रिल १८६१ मध्ये सम्टर किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हा संघराज्याच्या बाजूने पहिली उलट तोफ त्यांनी डागली असे सांगतात. १८६३ च्या गेटिसबर्गच्या रणांगणावरही ते होते. समितीला आणखी काय हवे होते? १९०७ च्या अखेरीस निकाल लागला: बेसबॉलचे जनक जनरल डबलडे.

आता थोडी उलटतपासणी करू. १८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते, कूपर्सटाउनात नव्हते. पत्र लिहिणारे ग्रेव्हज त्या साली पाच वर्षांचे पोर होते. खुद्द जनरलसाहेब १८९३ साली वारले. त्यांनी आयुष्यभर पुष्कळ लिहिले, परंतु हा खेळ आपण काढला असे चुकूनही कोठे म्हटले नाही. आणि समितीचे अध्यक्ष मिल्स हे डबलड्यांचे जुने स्नेही. इतक्या वर्षांच्या स्नेहात त्यांच्याही कानावर ही गोष्ट कधी आली नव्हती. अशा चौकशी समित्या कामगार चळवळीत आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. निष्कर्ष आधी ठरतो, साक्षीदार मागाहून सापडतो. तरीही १९३९ साली 'शतक' साजरे झाले आणि कूपर्सटाउनला खेळाचे स्मृतिमंदिर उघडले. ते आजही तेथेच आहे. जनरलची कथा मात्र आता तिकडचे इतिहासकारही खरी मानीत नाहीत.

मग बेसबॉलचा आणि सैन्याचा संबंधच नाही काय? आहे, आणि तो जनरलच्या कथेपेक्षा अधिक खरा आहे. स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनची फौज व्हॅली फोर्जला थंडीवाऱ्यात पडून होती, तेव्हा जॉर्ज युइंग नावाच्या एका शिपायाने १७७८ च्या एप्रिलात आपल्या रोजनिशीत 'बेस' खेळल्याची नोंद केली आहे. यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या छावण्यांत हा खेळ चाले. नॉर्थ कॅरोलायनातील सॅलिसबरीच्या बंदिशाळेत १८६२ साली कैदी खेळत असतानाचे एक रंगीत चित्र प्रसिद्ध आहे. ते काढणारा ऑटो बोटिखर हा स्वतः त्या कैद्यांपैकीच. जपानात हा खेळ १८७२ च्या सुमारास नेला तो होरेस विल्सन या शिक्षकाने, आणि तोही यादवी युद्धात लढलेला. खेळाचे नियम मात्र लिहून काढले ते युद्धाच्या आधीच, १८४५ साली, न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबातल्या कारकून-दुकानदार मंडळींनी. म्हणजे खेळ नागरी माणसांनी घडवला, शिपायांनी आणि कैद्यांनी तो गावोगाव नेला, आणि श्रेय गेले जनरलला. ही तीन माणसे, घडवणारा, वाहून नेणारा आणि श्रेय घेणारा, श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुण्यात ती पुन्हा भेटणार आहेत.

छावणीत खेळ का फोफावतो, हे समजणे अवघड नाही. पलटणीच्या आयुष्यात लढाईचे दिवस थोडे आणि बसून काढण्याचे फार. रिकामा शिपाई दारूकडे जातो, भांडणाकडे जातो. म्हणून वरिष्ठांनाच खेळ हवा असतो. कवायतीसाठी जमीन आयतीच सपाट केलेली असते. कंपन्या म्हणजे तयार संघ, त्यांना चुरस शिकवावी लागत नाही. आणि पलटणीची बदली झाली की तिच्या सामानाबरोबर खेळही पुढच्या ठाण्याला जातो. पण पुस्तकात सहसा न येणारी आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक छावणीच्या पाठीला एक वस्ती चिकटलेली असते: भिस्ती, मोतद्दार, धोबी, खानसामे, चामड्याचे काम करणारे, झाडू मारणारे. साहेबाने दोन तास खेळावे म्हणून ही माणसे सहा तास राबतात. साहेबाचा खेळ पाहतात तीही हीच, आणि साहेबाने टाकून दिलेली बॅट उचलते ते यांचेच पोर.

आपले जुन्नर हे फार जुने लष्करी ठाणे. निजामशाहीत होते, मोगलाईत होते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी येथे रात्री छापा घातला तेव्हा तीन लाख होनांची रोकड आणि दोनशे घोडे हाती लागले, यावरून येथल्या पागेची कल्पना यावी. १८१८ च्या उन्हाळ्यात शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले मेजर एल्ड्रिज याच्या फौजेने घेतले. परंतु इंग्रजांनी आपली कायमची छावणी जुन्नरला ठेवली नाही. ती पुण्याला, खडकीला पडली. काही काळ शिरूरला घोडनदीकाठी होती. त्यामुळे साहेबी खेळ छावणीच्या वाटेने आपल्या दोन तालुक्यांत आले नाहीत. येथे राहिली ती जत्रेची कुस्ती आणि बैलगाडा.

बैलगाड्याविषयी येथे बोलणे म्हणजे सुताराला रंधा दाखवणे. म्हणून एवढेच म्हणतो की या खेळाला कोणी जनरल नाही. तो नांगराच्या बैलातून आणि गावच्या जत्रेतून निघाला. घाटात गाड्यापुढे घोडी पळताना पाहून कोणाला मराठ्यांचे घोडदळ आठवते. आठवो बिचाऱ्याला, पण त्याला पुरावा लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या सर्व काळात वकील, पुढारी, प्राणिमित्र सारे बोलले. बैल सांभाळणाऱ्या गड्याला कोणी साक्षीला बोलावल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता पुणे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि शहराच्या पूर्वेला गोऱ्या-काळ्या पलटणींचे गाव वसले. त्याला आपण आजही नुसते 'लष्कर' किंवा 'कॅम्प' म्हणतो. या कॅम्पने जगाला एक खेळ दिला. पिसांचे फूल फळीने उडवत ठेवण्याचा पोरखेळ युरोपात आणि आशियात पूर्वीपासून होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांनी मधे जाळी बांधून त्याला सामन्याचे रूप दिले, आणि पुण्याच्या छावणीत तो इतका चालला की काही काळ त्याचे नावच 'पूना' पडले. पुढे रजेवर गेलेल्या मंडळींनी तो विलायतेला नेला. तेथे बोफोर्टच्या ड्यूकच्या वाड्याचे नाव त्याला चिकटले आणि 'पूना'चे बॅडमिंटन झाले. १८९३ साली इंग्लंडात त्याची संघटना स्थापन झाली, तीही एका कर्नलच्या घरी. पुण्याचे नाव पुसले याचे कित्येकांना वाईट वाटते. आम्हाला त्याहून निराळे कुतूहल आहे. पुण्याच्या उन्हात ती जाळी रोज बांधणारा आणि रोज सोडणारा माणूस कोण होता? ड्यूकने नाव नेले ते पुण्याचे. त्या माणसाचे नाव नेण्याचा प्रश्नच आला नाही, कारण ते कोणी लिहिलेच नव्हते.

हिंदुस्थानभर हीच तऱ्हा. पोलो हा मणिपूरच्या लोकांचा घोड्यावरचा खेळ. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो तेथे पाहिला, १८५९ साली सिल्चरला क्लब काढला, आणि लेफ्टनंट शेरर, जे पुढे जनरल झाले, 'आधुनिक पोलोचे जनक' म्हणून नावाजले गेले. मणिपुरी लोक तो खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळत होते, पण ते जनक ठरले नाहीत. स्नूकर हा टेबलावरचा खेळ १८७५ साली जबलपूरच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने काढला. ते खरे असावे असे मानतात, आणि तेथे आम्ही वाद घालणार नाही. खऱ्याला खरे म्हणावे.

क्रिकेटची गोष्ट जरा वेगळी. या देशात क्रिकेट खेळल्याची पहिली नोंद १७२१ सालची, खंबायतच्या किनाऱ्यावर. खेळणारे कंपनीच्या जहाजावरचे खलाशी होते, म्हणजे मजूरच. मुंबईत पारशांनी १८४८ साली पहिला क्लब काढला. आणि ज्या मैदानावर ते खेळत ते मैदान तरी काय होते? मुंबईच्या कोटासमोर तोफांच्या माऱ्याला आड येऊ नये म्हणून मोकळी ठेवलेली जागा. शत्रू दिसावा म्हणून मोकळी ठेवलेली ही जमीन पुढे पोरांना चेंडू दिसायला उपयोगी पडली. पण तीही सुखाने मिळाली नाही. गोऱ्या जिमखान्याचे पोलोचे घोडे त्याच मैदानावर आठवड्यातून दोनदा धावत आणि टापांनी जमीन अशी उकरत की चेंडू कोठे उडेल याचा नेम राहत नसे. १८८१ साली ४६० देशी क्रिकेटवाल्यांनी सह्या करून गव्हर्नराकडे अर्ज केला. एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला, मग फिरला. या भांडणाची हकीगत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तक करून छापली. मैदानासाठी सह्यांची मोहीम, वरिष्ठांची भेट, मिळालेला हुकूम आणि मागाहून त्याला फाटा! आमच्यातल्या कोणाही कार्यकर्त्याने ते वाचले तर त्याला आपलीच फाईल वाचल्यासारखे वाटेल.

आता ज्या माणसासाठी हा सारा फेरा घेतला त्याच्याकडे येतो. पाळवणकर बाळू.

घराणे चर्मकारांचे, मूळ गाव कोकणातले पाळवण. जन्म धारवाडचा, बालपण पुण्याचे. वडील लष्कराच्या आधाराने राहणारे. कोणी सांगतो, ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बंदुका-काडतुसे साफ करीत; कोणी सांगतो, ११२ व्या पलटणीत शिपाई होते. दोन्हींचा अर्थ आमच्या दृष्टीने एकच: घरातली भाकरी छावणीची होती. बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम हे अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानाने क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही त्याच वाटेने आले.

बाळूची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्लबात. काम: मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे, आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकणे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. पगार ४ रुपये. तेथे रोलर होता, सरावाची जाळी उभारणे होते, टेनिसच्या रेघा मारणे होते. आणि दिवसचे दिवस गोलंदाजी होती. डावखुरा, संथ, फिरकी चेंडू टाकणारा हा पोरगा अधिकाऱ्यांना अडचणीत आणू लागला. त्यांतले सर्वांत नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग. हे लष्करी गृहस्थ मूळचे महूच्या छावणीत जन्मलेले (डॉ. आंबेडकरही महूचेच, आपल्या देशाचा इतिहास छावण्यांत किती गुंतला आहे पाहा). ग्रेगसाहेब इतरांच्या आधी येऊन तासच्या तास बाळूच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूने बाद केले की ते आठ आणे देत, अशी आठवण सांगतात.

येथे आम्हाला थोडे थांबले पाहिजे, कारण पगारपत्रक वाचणे हा आमचा धंदा. ४ रुपये महिना हा वेळेवरचा पगार. आठ आणे बळी ही नगावरची मजुरी. आठवड्याला एकदा जरी साहेब बाद झाला तरी महिन्याला दोन रुपये होतात, म्हणजे पगाराच्या निम्मे. गिरणीतला साचेवाला ज्या हिशेबाने कापड विणतो त्या हिशेबाने हा पोरगा चेंडू टाकत होता. जगातल्या चांगल्या डावऱ्या फिरकी गोलंदाजांत पुढे ज्याची गणना झाली, तो घडला असा: क्रीडाशिक्षणाने नव्हे, नगावरच्या मजुरीने. साहेबाच्या फलंदाजीतली धार कोणाच्या खांद्याने आणली, तेही यावरून कळते. एक गोष्ट मात्र त्या हिशेबात कधीच आली नाही. पुढे बाळू सांगत की पुण्याच्या गोऱ्यांना आपण इतकी वर्षे चेंडू टाकले, पण एकदाही कोणी आपल्या हाती बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रम. बॅट धरणे ही प्रतिष्ठा. इतकी स्वच्छ कामाची वाटणी आम्ही कारखान्यातही क्वचितच पाहिली आहे.

पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांवर विजय हवा होता आणि बाळूवाचून तो मिळणार नव्हता. घेतल्यावाचून गत्यंतर नाही म्हणून त्यांनी घेतले. मैदानावर सारे त्याच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की इतरांना आत चिनी मातीच्या कपात आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता! न्यायमूर्ती रानड्यांच्या ध्यानी ही विसंगती आली होती; ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणे करण्यास हरकत कोणती, अशा अर्थाचे ते बोलले. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला तेव्हा तेथल्या मंडळींनी बाळूची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला. बाळूने सात बळी घेतले. रोलर फिरवण्यात ज्याची उमेद गेली त्याला रोलरने हरवावयास निघणे, यातली मौज साताऱ्याच्या साहेबांना कळली नसावी.

१८९६-९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. गोरे शिपाई घराघरांत शिरू लागले आणि शहर ओस पडले. त्या सुमारास बाळू मुंबईला गेले. आपल्या तालुक्यांतली माणसेही पोटासाठी मुंबईचीच वाट धरीत आली आहेत: कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी डबे पोचवायला. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू असेच गिरणीत गेले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी मालाच्या लॉरीपुढे आडवे झाले. बाळूंना रेल्वेत नोकरी लागली. रेल्वेच्या संघातून आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. पुढल्या साली पुन्हा हरवले, २३८ धावांनी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. संघ फारसा चमकला नाही. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

इतके होऊनही कर्णधारपद? ते नाही. येथे जी हकीगत येते ती आम्ही कोठेही सांगतो, कारण हिंदी क्रिकेटमधला हा एक संपच होय. १९२० च्या डिसेंबरात पुण्याला चौरंगी सामने होते. कर्णधार पै आजारी पडले. मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी कर्णधारपद प्रा. देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधर स्वतः मोठ्या योग्यतेचे खेळाडू, त्यांच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. प्रश्न निवडणाऱ्यांचा होता. विठ्ठल आणि शिवराम तेव्हा ऐन भरात होते. ज्येष्ठता आणि गुण बाजूस सारून जात पाहिली जाते, असे म्हणून दोघांनी अंग काढून घेतले आणि आपले निवेदन वर्तमानपत्रात दिले. हत्यार खाली ठेवले, कारण जाहीर केले, फूट पडू दिली नाही. आम्ही नव्या कार्यकर्त्यांना जे शिकवतो ते या दोन भावांनी कोणत्याही युनियनवाचून केले. परिणाम झाला. अंतिम सामन्याला पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, दोघे भाऊ संघात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती होती. ज्या पुण्यात त्यांनी ४ रुपयांवर पट्टी लोटली, त्याच पुण्यात.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या साली त्यांनी गोऱ्यांना अंतिम सामन्यात हरवले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. ज्यांच्या थोरल्या भावाला कप देताना हात मागे घेतले जात, त्यांना खांद्यावर घेण्यास तीस वर्षे लागली.

बाळूंच्या पुढच्या राजकारणाविषयी आमचे त्यांच्याशी पटणारे नाही, हेही सांगितले पाहिजे. २४ सप्टेंबर १९३२ च्या येरवड्याच्या करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ या गिरणगावच्या मतदारसंघात डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले, तेव्हा काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. गिरणी कामगारांनी योग्य तोच कौल दिला असे आम्ही मानतो. परंतु एका बाजूला सुभेदाराचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला काडतुसे साफ करणाराचा मुलगा, दोघेही छावणीच्या पाठच्या वस्तीतून वर आलेले, आणि दोघांना एकमेकांसमोर उभे करणारे तिसरेच; हे चित्र फार वेळ पाहवत नाही. ४ जुलै १९५५ रोजी बाळू वारले.

कॅप्टन ग्रेग पुढे कर्नल झाले आणि उतारवयात कॅथलिक धर्मगुरू झाले; १९५८ साली वारले. बाळू घडले ते ग्रेगसाहेबांमुळे, असे लिहिणारे आहेत. आम्ही ते वाक्य उलटे वाचतो. रोज पहाटे येऊन आठ आणे देणारा विद्यार्थी होता, आणि घेणारा शिक्षक.

विठ्ठल पाळवणकरांनी 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले. या चार भावांची गोष्ट घरच्या माणसाच्या तोंडून त्यात आली आहे. आपल्या तालुक्यांतल्या वाचनालयांच्या कपाटांतून ते पाहण्यात येत नाही. जुन्नरच्या आणि घोडेगावच्या ग्रंथपालांनी पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांकडे चौकशी करून त्याची एक एक प्रत करवून आणावी. खर्च फार येणार नाही, आणि सुगी उरकल्यावर मोकळ्या वावरात स्टंप रोवणाऱ्या पोरांना ते पुस्तक कोठे मिळते हे तरी सांगता येईल.